आईच्या नावाचा रकाना

रविवारी, म्हणजे तिथे कामाच्याच दिवशी, चोवीस मार्चला, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी खिडकीमागच्या बाईने रिफअत शहाताला त्याच्या आईचं नाव विचारलं. अर्जातला तेवढा एक रकाना त्याने रिकामा ठेवला होता. बाकी सगळं भरलं होतं: स्वतःचं नाव, बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं, जन्मतारीख बारा एप्रिल एकोणीसशे एकोणसाठ, धंदा चष्म्याच्या काचा घासण्याचा, गुन्हा नसल्याचा दाखला कशासाठी हवा तर पालकत्वाच्या समितीसाठी. त्याने काचेखालून हात घालून अर्ज परत मागितला, लिहून देतो म्हणाला. "लिहून काय करू हाजी, मला टाईप करायचंय," बाई म्हणाली. "बोला." त्याच्या मागे अकरा माणसं होती, आत शिरताना त्याने मोजली होती. काचेला खालच्या बाजूला जे भोक होतं तिथवर तो वाकला आणि इतक्या हळू बोलला की बाईने कानामागे हात धरला. मग तो मोठ्याने म्हणाला, "मबरूका." मागचा पोरगा भोपळ्याच्या बिया सोलत होता, तो सोलतच राहिला. कुणी हसलं नाही, कुणी वर पाहिलं नाही. रिफअतचा चेहरा मात्र कानापर्यंत तापला आणि त्याला जाणवलं की हे नाव आपण आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांत उच्चारलं. आई जाऊन एकवीस वर्षं झाली होती. थडग्यावरही 'रिफअतची आई' एवढंच कोरलेलं होतं.

बाई संगणकाच्या पडद्याकडे पाहत होती. मग तिने चष्मा कपाळावर सरकवला. याच नावाचा आणखी एक आहे, ती म्हणाली. चारही नावं तीच. सत्त्याहत्तर सालचा खटला, करमूझ वस्तीतला, चोरीच्या मालाबद्दल सहा महिने, शिक्षा गैरहजेरीत, भोगलेली नाही. आईचं नाव नर्गिस. "तो तुम्ही नव्हेच ना," तिने विचारलं, आणि ते विचारण्यातच उत्तर होतं. रिफअत म्हणाला, नाही. मग ती सवयीने सांगू लागली. दाखल्यावर ही नोंद उमटणार, ती उमटू नये म्हणून नामसाम्याचा कागद लागेल. तो इथे मिळत नाही. जिथे खटला चालला त्या भागाच्या न्यायालयात जायचं, जुन्या खटल्यांच्या खिडकीवर क्रमांक आणि साल द्यायचं, नोंदवहीचा उतारा मागायचा, मूळ फाइल निघाली तर बघायची, आणि 'तो मी नव्हे' असं लिहून सही करायची. आईचं नाव वेगळं आहे म्हटल्यावर एका दिवसाचं काम. चिठ्ठीच्या पाठीवर तिने आकडा लिहून दिला: २१८४, सन १९७७. बाहेर पडल्यावर रिफअतने तो आकडा ट्रामच्या थांब्यापर्यंत तीनदा वाचला. काच घासणाऱ्याची सवय. भिंगाचा पाव नंबर चुकला तर गिऱ्हाईक जिन्यावरून पडतं.

समुद्रावरून वारा सुटला होता. मार्चअखेरचं ते शेवटचं वादळ, ज्याची वाट सगळं शहर पाहतं, कारण त्यानंतर थंडीचे कपडे आत जातात. रिफअत खिडकीशी बसला. गल्ली त्याला आधी आठवली नाही. आधी आठवल्या हाका. त्यांच्या गल्लीत बायकांना नावं नव्हती. गाबिरची आई, सबाहची आई, थोरला मुलगा जो असेल त्याच्या नावाने ती बाई ओळखली जाई, आणि तिचं स्वतःचं नाव लग्नाच्या कागदात जायचं ते बाहेर येत नसे. पोरांना आपापल्या आईचं नाव माहीत असे, पण ते दाताखाली धरून ठेवायचं असे. बाहेर फुटलं की संपलं. जबाली नावाच्या मुलाचं फुटलं होतं. शाळेच्या दाखल्यावरून कुणीतरी वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली चेंडू मारताना, दगड मारताना, मुतताना 'झनूबा, झनूबा' ओरडत होती. जबाली शाळेत यायचा बंद झाला. त्याची आई चांगली बाई होती, ईदला सगळ्यांना बिस्किटं द्यायची; पण त्या दिवसानंतर तिच्याकडे पाहताना पोरांना ती कपडे काढलेली दिसायची. असं का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आजही ट्राममध्ये रिफअतला ते विचारता आलं नसतं. एवढंच कळत होतं की मघाशी खिडकीवर तो काचेच्या भोकाशी वाकला तो त्याच जुन्या भीतीने.

गल्लीत नावाने हाक मारावी अशी एकच बाई होती. नर्गिसला मूल नव्हतं. जिच्या पोटी कुणी नाही तिला कुणाची आई म्हणणार? म्हणून लहानथोर सगळे तिला नर्गिसच म्हणत. भाजीवाला, इमाम, पाच वर्षांची पोरंसुद्धा. ती रिफअतच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायची. नवरा जहाजावर खलाशी होता, एका प्रवासाहून परतलाच नाही. बुडाला म्हणणारे होते, मार्से बंदरात दुसरं घर केलं म्हणणारेही होते. ती कापसाच्या वखारीत कापूस निवडायची. संध्याकाळी परतायची तेव्हा तिच्या भुवयांवर, पापण्यांवर तंतू असायचे आणि अंगाला सरकीच्या तेलाचा जाडसर, उबदार वास. गॅलरीतून ती दोरीने टोपली खाली सोडायची, रिफअत तीत भाकऱ्या ठेवायचा, कधी व्हिनेगरची बाटली, कधी लसूण. टोपली पुन्हा खाली यायची ती साखरेचा एक खडा घेऊन. "माझा मुलगा," ती वरून म्हणायची, आणि त्याची आई खालच्या दारातून म्हणायची, "तुझाच आहे, घेऊन जा, महिन्याला किती भाकरी खातो ते कळेल." दोघी हसायच्या. ते हसणं जिन्याच्या पोकळीत कसं घुमायचं हे त्याला इतकं स्पष्ट आठवलं की आपला थांबा मागे गेला हे कळलंच नाही.

दोन थांबे उलटं चालत तो न्यायालयापाशी आला. जुन्या खटल्यांची खिडकी तळघरात होती, आणि तिच्यामागे वगीह नावाचा कारकून होता, निवृत्तीला आलेला, लोकरीची टोपी कानापर्यंत ओढलेला. त्याने चिठ्ठी दूर धरून पाहिली आणि म्हणाला, सत्त्याहत्तर सालचे किरकोळ खटले केव्हाच जाळले, हा मात्र असेल. का, तर शिक्षा भोगलेली नाही. "भोगलेलं सगळं इथून जातं. न भोगलेलं राहतं." नोंदवहीचा उतारा त्याने तिथल्या तिथे लिहून दिला, फाइल दुसऱ्या गुदामात होती, ती यायला आठवडा. रिफअतने सांगितलं की त्याच्याकडे फार आठवडे नाहीत. बारा एप्रिलला साठ पूर्ण होतात, साठीनंतर समिती पालकत्व देत नाही, आणि समितीची त्याआधीची शेवटची बैठक दहा तारखेला आहे. वगीहने टोपीखालून त्याच्याकडे पाहिलं. मुलगा की मुलगी, त्याने विचारलं. मुलगी, रिफअत म्हणाला, तीन वर्षांची, शुरूक. वगीहने 'तातडीचे' असं लाल शाईने लिहिलं आणि पुढच्या रविवारी या म्हणाला.

त्या आठवड्यात त्याने बायकोला, इनायातला, एवढंच सांगितलं की नावाचा घोटाळा आहे, मिटेल. हे खोटं नव्हतं. गुरुवारी दोघं नेहमीप्रमाणे अनाथालयात गेली. चौदा महिने झाले होते दर गुरुवारी जायला. शुरूक इनायातच्या मांडीवर बसून तिच्या बांगड्या मोजायची. तीनपर्यंत यायचं, मग पुन्हा एकपासून. एका मशिदीच्या पायरीवर दुपट्यात सापडलेलं पोर. तिचं नाव दवाखान्यातल्या परिचारिकेने ठेवलं, आणि जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव आणि आईचं नाव सरकारी यादीतून एका कारकुनाने भरलं, कारण ते रकाने रिकामे ठेवता येत नाहीत. तिच्या कागदावरची आई कधी नव्हतीच. रिफअतने ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याला विशेष काही वाटलं नव्हतं. त्या गुरुवारी मात्र परतताना बसमध्ये ते त्याला आठवलं, आणि एकदा आठवल्यावर जाईना.

कारण नर्गिस हे नाव तसंच भरलेलं होतं, त्याने स्वतः. सत्त्याहत्तर सालचा जानेवारी. भाकरी, साखर, तेल सगळ्याचे भाव एका रात्रीत चढले आणि सकाळी गोदीचे कामगार रस्त्यावर आले, दुपारपर्यंत सगळेच. सतरा वर्षांचा रिफअत तांत्रिक शाळेतून निघाला तो गर्दीत सापडला. रेशनच्या दुकानाचं शटर वाकवलेलं होतं, आणि पट्ट्यापट्ट्यांच्या जाड फ्लॅनेलचा एक अख्खा ताका रस्त्यात उलगडत पडला होता. त्याने तो उचलला. का, ते त्याला आजवर नीट सांगता आलं नसतं. कापड चिखलात चाललं होतं आणि ते नवं होतं. कोपऱ्यावर त्याला धरलं. चौकीत चाळीसेक पोरं भिंतीला टेकून बसवली होती, त्यातली निम्मी गल्लीतली. मेजामागचा शिपाई एकेकाला उभं करून नाव विचारी, पणजोबापर्यंत, आणि मग मोठ्याने, मुद्दाम मोठ्याने: आई? पोरं कुजबुजायची, शिपाई ते नाव पुन्हा ओरडून सांगायचा, आणि भीतीने पांढरी पडलेली तीच पोरं भिंतीशी खुदकन हसायची. रिफअतची पाळी आली. त्याच्या तोंडात एकाच बाईचं नाव होतं, जे आधीच सगळ्यांचं होतं, ज्याने कुणाचं काही जाणार नव्हतं. नर्गिस, तो म्हणाला. गल्लीतल्या पोरांनी मान वर केली, पण कुणी बोललं नाही. दोन रात्रींनंतर जागा अपुरी पडली म्हणून लहान वयाच्यांना सोडून दिलं. बोलावणं आलं की हजर व्हा. बोलावणं आलं नाही. वर्षभर जिन्यात बूट वाजले की तो दिवा मालवून दाराआड उभा राहायचा. मग तेही थांबलं. त्या वर्षात नर्गिस वरून जरा जास्तच हाका मारू लागली, "माझा मुलगा कुठे निघाला," अशा, अख्ख्या गल्लीला ऐकू जातील इतक्या मोठ्याने. त्याला वाटायचं, हिला कुणीतरी चौकीतलं सांगितलंय आणि ही चिडवतेय. तो पलीकडच्या बोळातून जाऊ लागला. त्र्याऐंशीत आईला घेऊन त्याने घर बदललं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राजवळ. पंधरा किलोमीटर. नर्गिस एक्क्याण्णव साली गेली. बातमी तीन आठवड्यांनी पोचली, तेव्हा जाण्यात अर्थ नव्हता, असं त्याने ठरवलं होतं.

एकतीस मार्चला, रविवारी, वगीहने फाइल खिडकीवर ठेवली. अकरा कागद, गंजलेल्या टाचणीने टोचलेले. "चष्मेवाले ना तुम्ही, तुम्हीच वाचा, माझे डोळे इथेच गेले," तो म्हणाला आणि चहा आणायला गेला. आरोपपत्र, मालाची यादी: कापड, एक ताका, मळलेला. मग समन्स बजावल्याचे तीन अहवाल, एकाच शिपायाच्या तिरक्या अक्षरात. नऊ मे: आरोपीच्या घरी गेलो, नर्गिस नावाच्या बाईचा पत्ता शेजाऱ्यांनी दाखवला, तिने दार उघडले, आपण आरोपीची आई असल्याचे सांगितले, मुलगा लिबियात बांधकामावर गेला म्हणते, समन्स तिने घेतले. बावीस जून: मुलाचे पत्र नाही म्हणते. तीन सप्टेंबर: लिबियाच्या सीमेवर लढाई झाल्यापासून मुलाची खबर नाही म्हणते, रडत होती, जास्त विचारले नाही. प्रत्येक अहवालाखाली जांभळ्या शाईतला अंगठा, आणि अंगठ्याशेजारी शिपायाने तिच्या सांगण्यावरून लिहिलेली ओळ. पहिल्या दोन वेळा नुसतं नर्गिस. तिसऱ्या वेळी: रिफअतची आई.

तो उभ्याउभ्या वाचत होता, आता खाली बसला. तीन सप्टेंबर. त्या वर्षी एका दुपारी नर्गिसने टोपली सोडली होती आणि व्हिनेगर आणायला सांगितलं होतं, कोपऱ्यावरून नव्हे, कालव्यापलीकडच्या दुकानातून, तिथलंच हवं म्हणून. भर उन्हात. तो चडफडत गेला होता, मुद्दाम उशीर केला होता, आणि परतल्यावर बाटली टोपलीत आदळली होती, इतक्या जोरात की बूच उडालं. ती वरून काही बोलली नव्हती. साखरेचा खडा आला तो त्याने नालीत टाकला होता. तोच दिवस होता का? आठवणीला तारीख नसते. तो दिवस जूनमधला असेल, ऑक्टोबरमधला असेल, त्याचा या कागदाशी काही संबंधही नसेल. पण जिन्यात वर चढणारे बूट, तिच्या दाराशी उभा शिपाई, आणि खाली गल्लीत लिबियातला मुलगा बाटली घेऊन येतोय, हे त्याला आता दिसायला लागलं होतं. ती काम सोडून दुपारी घरी का होती, हेही त्याने तेव्हा विचारलं नव्हतं. आईला हे माहीत होतं का? दोघी जिन्यात हसायच्या त्या सत्त्याहत्तरनंतर हसायच्या की नाही, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला, आणि आठवेना.

वगीहने चहाचा पेला त्याच्यासमोर ठेवला आणि छापील कागद पुढे सरकवला. वाचा आणि सही करा. कागदावर लिहिलं होतं की खाली सही करणारा तो आरोपी नव्हे, आणि सदर खटल्यात आरोपीची आई म्हणून नोंदलेल्या नर्गिस या स्त्रीशी आपला कोणताही संबंध नाही व कधी नव्हता. रिफअतने पेन उघडलं. मग विचारलं, समजा एखादा आला आणि म्हणाला की तो मीच, तर काय होतं. वगीह सावकाश बसला. समजा असं कुणी म्हणालं तर, तो म्हणाला, शिक्षा केव्हाच मुदतीबाहेर गेलीय, न्यायाधीशाने एक ओळ लिहायची आणि नोंद पुसायची. पण त्यासाठी आरोपी हवा. बेचाळीस वर्षांत कुणी 'हा मीच' म्हणायला आलं नाही, म्हणून ती जिवंत राहिली. "मेलेली गोष्ट आहे हाजी, फक्त पुरायला वारस नाही आला." अर्ज, सरकारी वकिलाचं मत, न्यायाधीशाची बैठक बुधवार आणि रविवार, एका बैठकीत साठ-सत्तर प्रकरणं, नशीब चांगलं असेल तर दहा दिवस, नसेल तर दोन महिने. "आणि सही केली तर उद्या," वगीह म्हणाला. त्याने रिफअतकडे पाहिलं नाही. कागद घरी न्या, म्हणाला, मला घाई नाही.

त्या संध्याकाळी त्याने इनायातला सगळं सांगितलं. ताका, चौकी, अंगठे. ती भेंडी चिरत होती. चौतीस वर्षांच्या संसारात हे त्याने कधी सांगितलं नव्हतं याचा तिने उल्लेख केला नाही. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "सही कर."

त्याने छापील कागद घडी घालून खिशात ठेवला.

"नर्गिसला आता कागद लागत नाही, रिफअत. शुरूकला लागतो. बाई जिवंत असती तर तिनेच तुझा हात धरून सही करवली असती. तीन वेळा खोटं बोलली ना ती तुझ्यासाठी? तू एकदा बोल."

हे बरोबर होतं. तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला तरी बरोबरच होतं. इनायातने पाच मुलं पोटात गमावली होती. साबणाने पायऱ्या घासाव्यात तशी ती आशा घासून स्वच्छ ठेवायची, आणि या चौदा महिन्यांत तिने पाळणाघर शोधलं होतं, छोटे बूट घेतले होते, एक नंबर मोठे, कारण वेळ लागेल हे तिला माहीत होतं. सही केली की बुधवारी दाखला, दहाला समिती, आणि पोर घरी. मग एखाद्या दिवशी, कुठल्यातरी खिडकीवर, शुरूकला विचारतील, आईचं नाव? ती कारकुनाने भरलेलं नाव सांगेल. पालकत्व मिळालं तरी कायदा आईबापाचं नाव बदलू देत नाही, तो तेच सांगायला लावेल. इनायातशी तिचा कागदावर संबंध नसेल. आणि इनायात तिच्यासाठी दारात उभी राहून कुणाला काय काय सांगेल, किती अंगठे उमटवेल, ते कुठल्या तळघरात पडून राहील. त्याने तो छापील कागद दिव्याखाली धरला. 'कोणताही संबंध नाही' इथवर तो ठीक होता. 'व कधी नव्हता' इथे पेन थांबत होतं. त्याने स्वतःला मूर्ख म्हटलं, म्हातारचळ म्हटलं. आजवर जिला त्याने काही दिलं नाही तिला देण्यासाठी तो आता एका जिवंत मुलीचं घर पणाला लावत होता. हेही त्याला स्वच्छ दिसत होतं. दिसल्याने पेन हललं नाही.

सोमवारी, एक एप्रिलला, सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी त्याने वगीहच्या खिडकीवर दुसरा अर्ज दिला, हाताने लिहिलेला: तो आरोपी मीच. वगीहने तो वाचला आणि टोपी काढली. डोक्यावर एक केस नव्हता. इथे आईच्या नावापुढे मबरूका लिहिलंय, तो म्हणाला, आणि फाइलमध्ये नर्गिस. न्यायाधीश विचारणार, खरी कोणती.

"जन्म दिला ती मबरूका," रिफअत म्हणाला. आवाज मोठा झाला होता, रांगेतले वळून पाहत होते. "समन्स घेतलं ती नर्गिस. दोन्ही लिहा."

वगीहने दोन्ही लिहिली. मग त्याने स्वतः वर जाऊन सरकारी वकिलाच्या कार्यालयात कागद दिला आणि ओळखीने बुधवारच्या यादीत नाव घालून आणलं, त्रेसष्टाव्या क्रमांकावर. याहून वर सरकवता येत नाही, म्हणाला, वरच्या क्रमांकांची सगळी माणसं तुरुंगात अडकलीत, त्यांची पाळी आधी.

इनायात त्याच्याशी सोमवारी रात्री बोलली नाही, मंगळवारीही नाही. जेवण वाढायची, पाण्याचा पेला ठेवायची, आणि आत जायची. तिच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला असता तर त्याला सोपं गेलं असतं. बुधवारी, तीन एप्रिलला, तो साडेआठपासून न्यायाधीशाच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसला. पुकारे हळू चालले होते. अकराला सतरा, साडेअकराला तेवीस. बाराच्या सुमारास जिन्यावर त्याला बायकोची चाल ओळखू आली. ती बाकावर शेजारी बसली, कागदात गुंडाळलेली भाकरी आणि पनीर त्याच्या मांडीवर ठेवलं. तिच्या हातात अनाथालयाचं पत्र होतं: समितीसमोरची सगळी कागदपत्रं मंगळवारी, नऊ तारखेला, दुपारी दोनपर्यंत हवीत, नंतर आलेली धरली जाणार नाहीत.

"कितवा चाललाय," तिने विचारलं.

"एकतीस."

तिने भाकरीचा तुकडा तोडला, अर्धा त्याला दिला. एक वाजून चाळीस मिनिटांनी शिपायाने दार उघडून आजची बैठक संपल्याचं सांगितलं. पुकारा अठ्ठेचाळीसवर थांबला होता. राहिलेली पंधरा प्रकरणं रविवारी, सात तारखेला, नव्या यादीत घेतली जातील. नवी यादी शनिवारी संध्याकाळी लागेल. म्हणजे दाखल्याला मंगळवारी दुपारी दोनपर्यंतचे दोन दिवस उरत होते, इनायातने बोटांवर मोजले.